पहिल्या वॅटचा प्रश्न

साहित्य-समीक्षेच्या पंगतीत पॉवर ॲम्प्लिफायरचे पान मांडणे काहींना अस्थानी वाटेल, याची जाणीव ठेवूनच हा लेख लिहीत आहे. गेल्या शंभर वर्षांतील मराठी कवितेचा आणि मराठी कानाचा इतिहास या यंत्राला वगळून लिहिता येणार नाही, असे माझे मत आहे. घरी गाणे ऐकण्यासाठी कोणता ॲम्प्लिफायर घ्यावा हा प्रश्नही दिसतो तितका दुकानदारीचा नाही. तो अभिरुचीचा, आणि काही अंशी पाठचिकित्सेचा आहे, हे माझे दुसरे मत. पहिल्याबद्दल फारसा वाद होऊ नये. दुसऱ्याबद्दल मात्र होईल, आणि तो व्हावाही.

‘ध्वनिवर्धक’ हा शब्द मराठीत रुळला तेव्हाच एक घोटाळा होऊन बसला. वर्धन म्हणजे मोठे करणे, आणि मोठे करणे म्हणजे मोठ्याने करणे, हे समीकरण त्या शब्दातून आपल्या मनात कायमचे ठसले. बाभुळगावसारख्या तालुक्याच्या गावी तर त्याला पर्यायच नव्हता. इथे ॲम्प्लिफायर म्हटले की साउंड सर्विसवाल्याची लोखंडी पेटी डोळ्यांपुढे येते. पोळा, गणपती, भागवत सप्ताह, निवडणुकीची सभा, लग्नाची वरात या सगळ्यांना ती लागते, आणि तिची प्रत छातीत बसणाऱ्या दणक्यावरून ठरते. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा त्यांत लिहिलेली आहे. वरात दारावरून जाताना घराच्या काचा ज्या तऱ्हेने थरथरतात, त्यावरून या नियमांचे काय होते ते कळतेच. असो. मुद्दा कायद्याचा नाही. मुद्दा असा की ज्या गावात ‘शक्ती’चा अर्थ इतका पक्का झाला आहे, तिथला एखादा शिक्षक बारा बाय चौदाच्या खोलीत मल्लिकार्जुन मन्सूर ऐकण्यासाठी ॲम्प्लिफायर घ्यायला यवतमाळला किंवा अमरावतीला जातो, तेव्हा दुकानदार त्याला पहिला प्रश्न विचारतो, ‘‘किती वॅटचा पाहिजे?’’ वास्तविक हा प्रश्न अगदी शेवटी विचारण्याचा आहे.

थोडे गणित करावे लागेल. साहित्याच्या मंडळींनी कपाळाला आठ्या घालू नयेत. घरगुती स्पीकरला एक वॅट दिला तर एक मीटरवर साधारण ८७ डेसिबल आवाज मिळतो. कुठे दोनतीन कमी, कुठे दोनतीन जास्त. श्रोता तीन मीटरवर बसला, खोलीच्या भिंतींनी थोडा आवाज परत दिला, आणि स्पीकर दोन असले, तर त्याच्या कानाशी एका वॅटला ऐंशी-ब्याऐंशी डेसिबल पोचतात. आता समोर बसून कोणी गात असेल तर आपल्यापर्यंत सत्तर-पंचाहत्तर डेसिबलच्या आसपासच आवाज येतो. साधे बोलणे साठाच्या घरात असते. डेसिबलचे माप असे की दहा डेसिबल खाली उतरायला शक्ती दहाव्या हिश्शावर आणावी लागते. म्हणजे गवई घरात बसून गातो आहे असे वाटण्यासाठी सरासरी वॅटचा दहावा हिस्सा, फार तर पाचवा हिस्सा पुरतो. दुकानातल्या डब्यावर १०० लिहिलेले असते आणि आपण ऐकत असतो ०.१.

हे कोणाला अविश्वसनीय वाटत असेल तर त्याने ‘गीतरामायण’ आठवावे. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ते वर्षभर प्रसारित झाले आणि माणसे रेडिओभोवती गोळा होऊन ते ऐकत. त्या व्हॉल्व्हच्या रेडिओची ताकद तीन-चार वॅटची असे. तेवढ्यावर आळ्याच्या आळ्या ऐकत होत्या. पुढे ट्रान्झिस्टर आणि नंतर आयसीचे दिवस आले, तेव्हा तालुक्याच्या ठिकाणी रेडिओ दुरुस्त करणारा प्रत्येक जण ‘४४४०’ नावाच्या आयसीवर छोटा ॲम्प्लिफायर बांधून देई. तो बारा व्होल्टवर चाले, म्हणून वीज गेली तरी बॅटरीवर वाजे. ती आयसी दर बाजूला पाच-सहा वॅट देई. लोकांनी त्यावर कॅसेटमागून कॅसेट ऐकली आणि गाणे कमी पडले अशी तक्रार मी कधी ऐकली नाही.

मग मोठा ॲम्प्लिफायर हवाच कशाला? त्याचे एक खरे कारण आहे, आणि आमच्या भागापुरते ते सांगायचे तर खंजिरीचे उदाहरण घ्यावे लागेल. तुकडोजी महाराजांमुळे विदर्भाला खंजिरी घरचीच आहे. भजनाचा आवाज सरासरीने काही फार नसतो, पण कातड्यावर थाप पडते आणि चकत्या एकदम झणकतात तो क्षण सरासरीच्या पंधरा-वीस डेसिबल वर उसळतो. वीस डेसिबल म्हणजे शक्तीची शंभर पट. दहाव्या हिश्शावर चाललेल्या ॲम्प्लिफायरला त्या क्षणापुरते दहा वॅट द्यावे लागतात. देता आले नाहीत तर लाटेचा माथा छाटला जातो आणि आवाज फाटतो. तबल्याची ‘धा’, सतारीवरचा मिजराबाचा आघात यांचेही तेच. म्हणून खरेखुरे तीस ते पन्नास वॅट असावेत. ‘खरेखुरे’ हा शब्द जपून वापरला आहे. १९९० च्या दशकात हातात मावणाऱ्या टेपरेकॉर्डरवरही ‘पीएमपीओ’ नावाने हजारांतले आकडे छापलेले असत, त्यांना काहीही अर्थ नव्हता. अमेरिकेत असल्या जाहिरातींना आळा घालणारा नियम १९७४ मध्येच झाला. त्यामुळे आकडा वाचताना तो किती ओहमच्या भारावर, कोणत्या कंपनसंख्येपासून कोणत्या कंपनसंख्येपर्यंत आणि किती विकृती गृहीत धरून दिला आहे हे पाहावे. ‘१० टक्के विकृतीवर १०० वॅट’ असे लिहिलेले यंत्र म्हणजे प्रत्येक पानावर मुद्रणदोष असलेले जाड पुस्तक.

पण ही सारी चर्चा वरच्या टोकाची. माझे म्हणणे खालच्या टोकाविषयी आहे. ज्या दहाव्या हिश्श्यात आपण आयुष्यभर ऐकणार, तिथे ते यंत्र कसे वागते?

बहुतेक ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरांत ध्वनिलाटेचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर सांभाळतो आणि खालचा अर्धा दुसरा. लाट शून्यातून जाते तेव्हा एकाने काम दुसऱ्याच्या हाती सोपवायचे असते. सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर सुमारे ०.६ व्होल्ट मिळाल्याशिवाय जागाच होत नाही. म्हणून दोघांनाही थोडा विद्युतप्रवाह सतत देऊन अर्धवट जागे ठेवावे लागते. हे जमवणे नाजूक काम आहे. ते नीट जमले नाही तर शून्यापाशी लाटेत खाच पडते. आता असे पाहा, आठ ओहमच्या स्पीकरवर पन्नास वॅट म्हणजे वीस व्होल्ट. वीस व्होल्टच्या लाटेत तेवढीशी खाच कोणाला कळणार? पण ०.०१ वॅट म्हणजे जेमतेम पाव व्होल्टाहून थोडे अधिक. त्या लाटेचा सारा संसारच शून्याच्या आसपास चाललेला असतो. गाणे जितके हलके, तितकी ही जखम मोठी. वरातीतल्या दणदणाटात जी विकृती शोधूनही सापडणार नाही, ती मावळत जाणाऱ्या तंबोऱ्यात उघडी पडते. निकृष्ट यंत्रावर तंबोरा लावला की छेडलेल्या तारेचा पहिला भाग ठीक वाटतो आणि मावळता भाग खरखरीत होतो, एखाद्या चांगल्या कागदाची कड कुरतडलेली असावी तसा.

म्हणून ॲम्प्लिफायर निवडताना मी तबला ऐकत नाही, तंबोरा ऐकतो. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जी जवारी लागते, तिच्यात तारेचे सगळे उपस्वर एकामागून एक फुलतात. नीट लागलेल्या जोडीतून कोणी न छेडलेला स्वयंभू गंधार ऐकू येतो. तो आवाज अगदी बारीक ठेवून ऐकावा. आवाज कमी करताना जर तंबोरा नुसता लहान होत गेला तर यंत्र चांगले. लहान होता होता तो काही वेगळेच वाद्य होऊ लागला तर दुकानदाराला नमस्कार करून निघावे. कंपनीच्या माहितीपत्रकात हे सापडत नाही, कारण विकृतीचा आणि खरखरीचा आकडा बहुधा पूर्ण शक्तीच्या जवळपास मोजून दिलेला असतो. पन्नास वॅटशी तुलना करून खरखर १०० डेसिबल खाली आहे असे लिहिले असेल, तर एका वॅटशी तुलना करता ती ८३ डेसिबलच खाली असते. हा १७ डेसिबलांचा फरक माहितीपत्रक सांगत नाही, आपणच वजा करायचा.

हलक्या आवाजाचा इतका आग्रह का, असे कोणी विचारील. त्याला उत्तर भावगीताचे. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहरजानच्या तबकड्या निघाल्या तेव्हा मायक्रोफोन नव्हता. कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गायचे आणि त्या जोरावर सुईने मेणात रेघ ओढायची. पुढची वीसेक वर्षे तेच चालले. संगीत रंगभूमीवरही आवाज शेवटच्या रांगेपर्यंत फेकावा लागे. त्या फेकीतून एक थोर गायकी घडली हे खरेच. पण त्या व्यवस्थेत कुजबुजीला जागा नव्हती. १९२५ मध्ये विद्युत् ध्वनिमुद्रण आले. म्हणजे काय झाले? मायक्रोफोन आणि तबकडी कोरणारी सुई यांच्यामध्ये व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर येऊन बसला. आता गायकाला ओरडण्याचे कारण उरले नाही. तो शब्दाच्या जवळ जाऊ शकला. त्यानंतर काही वर्षांतच मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांच्या आवाजात तबकडीवर आली आणि भावगीत नावाचा प्रकार मराठीत रुजला. जोशी पुढे एच.एम.व्ही. कंपनीतच ध्वनिमुद्रणाचे काम पाहू लागले. आपण भावगीताचा इतिहास शिकवताना रविकिरण मंडळ सांगतो, इंग्रजी लिरिक सांगतो, राधाकृष्णाच्या गवळणींपर्यंत मागे जातो. मायक्रोफोन आणि ॲम्प्लिफायर यांचा उल्लेख मात्र टाळतो. एखाद्या वाङ्मयप्रकाराला जन्म देताना यंत्राचा एवढा हात असावा आणि त्याच्या समीक्षेत त्याला एक ओळही मिळू नये, ही आपल्या अभ्यासक्रमातील मोठी उणीव आहे असे मी मानतो.

कुमार गंधर्वांचे उदाहरण याहून बोलके. क्षयाच्या आजारानंतर एका फुप्फुसावर गाणारा हा गायक छोट्या छोट्या स्वरसमूहांत गातो. दोन समूहांमधली शांतता त्याच्या गाण्याचाच भाग असते. मूर्तिजापूरच्या अनिलांच्या कविता त्यांनी गायल्या. त्या ऐकताना शब्दाच्या शेवटी सुटणारा श्वास ऐकू आला नाही तर कवितेतला अर्धविराम गेला असे समजावे. हे सगळे घडते ते वॅटच्या शंभराव्या, हजाराव्या हिश्श्यात. तिथे खाच पाडणारे यंत्र कवितेचे विरामचिन्ह खाते.

इथपर्यंत फारसा मतभेद नसेल. खरा वाद पुढे आहे. ॲम्प्लिफायरला स्वतःचा आवाज असावा की नसावा?

व्हॉल्व्हच्या यंत्रांचे भक्त म्हणतात, असावा. त्यांच्या यंत्रात एक ऊब असते, गाणे जवळचे वाटते. ते खोटे बोलत नाहीत. व्हॉल्व्हच्या साध्या मांडणीत जी विकृती होते तिच्यात दुसऱ्या उपस्वराचा वाटा मोठा असतो. आपल्या भाषेत, सा वाजवला की त्यात थोडा वरचा सा मिसळतो. तिसरा उपस्वर मिसळला तर वरचा पंचम. हे सगळे घरचेच स्वर, म्हणून कानाला गोड लागते. ट्रान्झिस्टरच्या त्या खाचेतून मात्र वरवरचे विषम उपस्वर निघतात, सातवा तर आपल्या कोमल निषादाच्याही खाली कुठेतरी लोंबकळणारा, आणि तंबोरा नि कंठ एकत्र वाजत असतील तर त्यांच्या कंपनांच्या बेरजा-वजाबाक्यांतून कोणाच्याच मालकीचे नसलेले स्वर तयार होतात. या दोहोंत पहिले बरे, यात शंका नाही. पण ‘बरे’ आणि ‘योग्य’ यांत अंतर आहे.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तोवर तिच्यात अनेकांनी आपापल्या ओव्या मिसळल्या होत्या. त्या सगळ्याच वाईट असतील असे मानण्याचे कारण नाही. काही प्रासादिकही असतील. तरीही नाथांनी त्या काढल्या, आणि पुढे कोणी भर घालू नये अशी तंबी दिली. कारण प्रश्न ओवी चांगली की वाईट हा नव्हता, ती ज्ञानेश्वरांची आहे की नाही हा होता. गोड विकृती हा प्रक्षेपच आहे. केसरबाई केरकरांच्या आवाजात जो वरचा सा नव्हता तो माझ्या बैठकीच्या खोलीत त्यांच्या तोंडी घालण्याचा अधिकार एखाद्या कारखानदाराला कोणी दिला?

यावर एक जुना आक्षेप आहे आणि तो बळकट आहे. मूळ म्हणून तुम्ही ज्याला मानता ते तरी कुठे शुद्ध आहे? मायक्रोफोन कोणता, गायकापासून किती अंतरावर, तबकडीवरून सीडी करताना खरखर किती पुसली, त्यात आवाजाची कड किती गेली, या प्रत्येक पायरीवर कोणी ना कोणी संपादक बसला आहे. मान्य. ७८ च्या तबकडीवरचा अब्दुल करीम खाँसाहेबांचा स्वर त्यांच्या स्वराची भ्रष्ट प्रतच होय. पण पोथी आधीच भ्रष्ट आहे म्हणून लिपिकाराने आणखी दोन ओव्या घालाव्यात काय? मागच्या हातांनी काय केले ते माझ्या स्वाधीन नाही. शेवटचा हात माझा आहे, तेवढा स्वच्छ असावा, इतकेच. आणि व्हॉल्व्हची ऊब एकदा लावली की ती मन्सूरांनाही लागते, भीमसेनांनाही लागते, लताबाईंनाही लागते. सगळ्या कवींचा एकाच सुरात अनुवाद करणाऱ्या अनुवादकाबद्दल आपले काय मत असते ते इथे जमलेल्यांना सांगायला नको.

तत्त्वाचे झाले. बाभुळगावात तत्त्वाला हवामान आणि वीज यांच्याशी जुळवून घ्यावे लागते. ‘अ’ वर्गाचा ॲम्प्लिफायर त्या खाचेवरचा रामबाण उपाय, कारण त्यात ट्रान्झिस्टर कधी झोपतच नाहीत. पण त्याची किंमत उष्णतेत मोजावी लागते. पंचवीस-पंचवीस वॅट देणारे असे यंत्र गाणे लावलेले नसतानाही शंभराहून अधिक वॅट नुसते खोलीत ओतत राहते. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश असताना हा हीटर कोण पेटवणार? शिवाय आतल्या कपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंशांना साधारण निम्मे होते, हा विद्युतशास्त्राचा जुना आडाखा आहे. युरोपातल्या परीक्षणकर्त्याने ज्या यंत्राला पाच तारे दिले ते त्याने वीस-बावीस अंशांच्या खोलीत ऐकलेले असते.

विजेचे तर काही विचारू नका. भारनियमनाची ती वर्षे आता मागे पडली, पण कमी-जास्त दाब आहेच. ॲम्प्लिफायर म्हणजे शेवटी भिंतीतल्या विजेला गाण्याच्या आकारात स्पीकरकडे सोडणारा नळ. दाब २३० वरून १८० व्होल्टवर आला तर साध्या बांधणीच्या यंत्राची शक्ती सुमारे ६१ टक्क्यांवर येते. ऐकून घाबरायला होते, पण कानाला हा फरक दोनच डेसिबलांचा. त्याची चिंता नको. चिंता करावी ती वीज परत येताना बसणाऱ्या झटक्याची. तेवढ्यासाठी चांगला स्टॅबिलायझर घ्यावा. इन्व्हर्टर चौकोनी लाटेचा असेल तर त्यावर ट्रान्सफॉर्मर भुणभुण करतो आणि ती स्पीकरमधूनही येते.

भुणभुणीवरून आठवले. तीन पिनांच्या सॉकेटला खरी अर्थिंग असणे ही इकडच्या घरांत गृहीत धरण्याची गोष्ट नाही. आपली वीज ५० कंपनांची. ती एकदिश करताना १०० कंपनांची गुणगुण तयार होते आणि निष्काळजी यंत्रात ती ऐकू येते. आता काळी एकमध्ये गाणारा गवई घ्या. त्याचा खालचा पंचम जवळजवळ १०४ कंपनांवर येतो आणि तीव्र मध्यम साडेसत्त्याण्णवच्या आसपास. त्या दोहोंच्या मधोमध वीज मंडळाचा हा स्वर अखंड लागून राहतो, धड मध्यम नाही, धड पंचम नाही. तंबोरा पंचमाचा लावलेला असेल तर सगळी मैफल बेसूर होते आणि श्रोत्याला कारण कळत नाही. तो म्हणतो, आज गाण्यात मन लागत नाही. म्हणून गाणे न लावता ॲम्प्लिफायर चालू करून स्पीकरला कान लावणे ही माझ्या मते सर्वांत महत्त्वाची चाचणी. पुस्तकाचा कोरा कागद पाहावा तशी यंत्राची कोरी शांतता पाहावी.

आणि कूलर. विदर्भातला श्रोता कूलरशेजारी बसून ऐकतो. कूलरचा आवाज पंचावन्न-साठ डेसिबलांच्या घरात जातो. आपण इतका वेळ ज्या हलक्या आवाजाचा महिमा गायला तो त्याखाली पार बुडून जातो. त्यावर आवाज वाढवणे हा उपाय नव्हे. एप्रिल ते जून या काळात भक्कम आवाजाची नाट्यपदे, लावण्या, लोकगीते ऐकावीत आणि कुमार गंधर्व दसऱ्यानंतर काढावेत. दसरा ते होळी हा आमच्याकडचा खरा श्रवणाचा ऋतू. ज्वारी-कापसाप्रमाणे गाण्यालाही हंगाम असतो हे पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित समीक्षकांना कळणार नाही. (हे वाक्य थोडे चिडून लिहिले आहे. राहू द्यावे.)

हे सर्व मोजून मी ‘अब’ वर्गाच्या, तीस ते पन्नास वॅटच्या, साध्या ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरच्या बाजूने कौल देतो. तोही यवतमाळ-अमरावतीच्या कारागिराला उघडून दुरुस्त करता येईल असा. घर इन्व्हर्टरवर जास्त चालत असेल, किंवा पैसे फारच बेताचे असतील, तर ‘ड’ वर्गाचा घ्यावा. त्याच्यात वीज फारशी वाया जात नाही, तो तापत नाही, आणि अलीकडच्या चिपवर बांधलेली हातभर लांबीचीही नसलेली यंत्रे काही हजारांत मिळतात. दहा-पंधरा वर्षांपूर्वी मी त्यांना नाक मुरडले असते. आजच्या चांगल्या नमुन्यांना मुरडण्याचे कारण नाही. व्हॉल्व्ह मात्र नको. आत शेकडो व्होल्टचा दाब, व्हॉल्व्ह गेला तर परगावाहून मागवा, आणि वर तो प्रक्षेप.

अडचण अशी की यांपैकी काहीही बाभुळगावात ऐकून घेता येत नाही. परीक्षणे वाचून मागवावे लागते. म्हणजे आवाज न ऐकता आवाजाविषयीचा मजकूर वाचून निर्णय करायचा. हे काम साहित्याच्या विद्यार्थ्याचेच आहे. ती परीक्षणे इंग्रजीत असतात आणि त्यांचे मराठी करणारे ‘ऊबदार’, ‘पारदर्शक’, ‘संगीतमय’ असे शब्द जसेच्या तसे उचलतात. ॲम्प्लिफायर ‘संगीतमय’ म्हणजे काय? आपल्याकडे आवाजासाठी याहून नेमके शब्द पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत. फाटका आवाज म्हणजे शक्ती संपून लाटेचे माथे छाटले गेले. चिरका म्हणजे वरचे उपस्वर वाढले. बसका म्हणजे ते गेले. घुमा म्हणजे खालचे स्वर खोलीत कोंडले, आणि तो दोष बहुधा यंत्राचा नसून कोपऱ्यात ढकललेल्या स्पीकरचा. दाणेदार, आसदार, कोरडा, पोकळ, किनरा, प्रत्येक शब्दामागे ऐकलेला आवाज आहे. गवय्यांच्या आणि वाद्ये घडवणाऱ्यांच्या बोलण्यातला हा शब्दसंग्रह समीक्षेत आला तर यंत्राची निवडही सोपी होईल आणि समीक्षाही थोडी कमी पोकळ वाजेल.

शेवटी पैशांविषयी, कारण ज्या जिल्ह्यात कापसाच्या भावावर घरांचे मरण-जगणे ठरते तिथे ‘हाय-फाय’ हा शब्द उच्चारतानाही जीभ अडखळते. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापकाने लाखाचे यंत्र घ्यावे असे मी म्हणणार नाही. ज्याला ते परवडते त्यानेही घेऊ नये असेच म्हणेन, कारण त्या पैशांतला मोठा भाग त्याने कधीही न वापरायच्या वॅटांसाठी जातो. पैसा स्पीकरवर जास्त घालावा, ॲम्प्लिफायरवर त्याच्या निम्म्याने. पण घरापेक्षाही मला हे यंत्र महाविद्यालयाच्या मराठी विभागात पाहायचे आहे. तिथे आज भावगीत शिकवताना शिक्षक मोबाइल टेबलावर ठेवतो आणि त्याच्या नखाएवढ्या स्पीकरमधून आलेले गाणे पहिल्या बाकापर्यंत कसेबसे पोचते. नाहीतर सभागृहातला भोंगा आणतात, जो भाषणासाठी बनवलेला आहे आणि कवितेचेही भाषण करतो. ना. घ. आणि अनिल हे आमच्या वऱ्हाडचे कवी. त्यांच्या कविता गायल्या गेल्या तेव्हा कशा ऐकू येत होत्या हे न कळताच आमची मुले पदवीधर होतात. जिथे मैफल होत नाही आणि नजीकच्या काळात होण्याचा संभवही नाही, तिथे वर्गातल्या दोन स्पीकरांमधली जागा हेच सभागृह. विभागाच्या वर्षाच्या संदर्भग्रंथांच्या खरेदीत एक ॲम्प्लिफायर आणि दोन स्पीकर सहज बसतात. खरेदी समितीत कोणी विचारलेच की ग्रंथालयाच्या पैशांत हे कसे, तर ‘शीळ’ची आवृत्ती आहे म्हणून सांगावे. मागणी श्रावणातच नोंदवावी, म्हणजे दसऱ्यापर्यंत पेटी हाती येते; आणि आल्या दिवशी संध्याकाळी, पंखा बंद करून, काहीही न लावता आधी स्पीकरला कान लावून पाहावा.